दिवेलागणीच्या आधीची वाटी

शांतवन मास्तरांच्या घरी दही लागायचं, पण टिकायचं नाही. दुसऱ्या दिवशीसाठी चमचाभर मागं ठेवावं, ही जगातल्या समस्त बायाबापड्यांना कळणारी गोष्ट त्या घरात कुणाच्या डोक्यात कधी शिरली नाही. त्यांची बायको दीनाबाई ताक करून अर्धी गल्ली पाजायची आणि उरलेलं भांडं मास्तर पोळीनं पुसून चकचकीत करायचे. मग संध्याकाळी हातात पितळेची वाटी घेऊन मास्तर आमच्या दारात उभे.

"बाई, इरजन आहे का जी?"

मी लग्न होऊन पांढरकवड्याला आले त्या आठवड्यातला हा प्रश्न. त्यानंतर तीस-बत्तीस वर्षं तो ऐकला. मास्तर यायचे ते दिवेलागणीच्या आधी. दिवा लागल्यावर घरातलं विरजण बाहेर द्यायचं नाही, हा माझ्या सासूबाईंचा नियम होता आणि मास्तरांनी तो आमच्यापेक्षा जास्त पाळला. कधी उशीर झाला तर फाटकाशी यायचे, आमच्या देवघरात दिवा लागलेला दिसला की तसेच परत फिरायचे. हाक मारली तरी थांबायचे नाहीत. "उद्या पाहू बाई, आज बिनदह्याचं जेवतो."

सासूबाई वाटीत वरून दही सोडायच्या. चमचा वाटीला लागू द्यायच्या नाहीत. का, ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. मला लाज वाटायची, पण नवी सून होते, तोंड उघडलं नाही. आता उघडते आहे, त्याचा काय उपयोग! मास्तरांनी मात्र त्यावर कधी चेहरा केला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी वाटी परत यायची ती कधी रिकामी आली नाही. कधी चार चिंचा, कधी मूठभर मोहाची फुलं, काहीच नसलं तर तुळशीची दोन पानं. शेवटी सासूबाईच एक दिवस म्हणाल्या, "तो पाद्री आपल्यापेक्षा सोवळा आहे गं." त्या दिवसापासून चमचा वाटीला लागू लागला.

खरं तर मास्तर पाद्री नव्हते. गावाला तो फरक कळत नव्हता आणि मास्तरांना दुसरं काही सुचत नव्हतं. शाळेत ते इतिहास शिकवायचे, मी गणित. शिक्षकखोलीत आमची टेबलं समोरासमोर. रविवारी ते चर्चमध्ये उपदेशक. हायवेच्या कडेला पत्र्याचं छप्पर असलेलं त्यांचं चर्च होतं, माणसं चाळीसेक. एकाआड एका रविवारी मास्तर एसटीनं राजूरला जायचे. तिथं कोळशाच्या खाणीत कामाला आलेली तेलुगू कुटुंबं होती, त्यांची उपासना एका खोलीत भरायची. मास्तरांना तेलुगू गीतं तोंडपाठ होती, अर्थ मात्र अर्ध्यांचाच कळायचा. "अर्ध्यावर भागते बाई," म्हणायचे, "बाकीचा देवाले समजते."

उपदेशक म्हणजे काय, हे मला त्यांनीच समजावलं. उपदेशकानं प्रवचन करावं, प्रार्थना करावी, मुलांना शिकवावं, माती द्यावी. पण प्रभुभोजन द्यायचं नाही. येशूनं मरणाच्या आदल्या रात्री शिष्यांना भाकर मोडून दिली, द्राक्षारसाचा प्याला दिला, त्या आठवणीचा तो विधी. तो फक्त दीक्षा झालेल्या पाळकानं करायचा. आणि दीक्षा कोण देणार? बिशप. डोक्यावर हात ठेवून. त्या बिशपाच्या डोक्यावर आधीच्या बिशपांनी हात ठेवलेला, त्यांच्या डोक्यावर त्यांच्या आधीच्यांनी. असं मागं मागं जात थेट त्या बारा प्रेषितांपर्यंत.

"म्हंजे पाहा बाई," मास्तर खडूनं माखलेला पंजा टेबलावर पालथा ठेवून सांगायचे, "गालील समुद्रावरच्या कोळ्यायचे हात ते. मासोळीचा वास असन त्या हाताले. त्यायनं कोनाच्या तरी डोक्यावर ठेवला, त्यानं पुढच्याच्या. कोठचे कोठचे लोक, रोमवाले, सिरियावाले, इंग्रज. तो हात चालत चालत आपल्या यवतमाळपर्यंत आला."

माझा स्वभाव टोचायचा. "एवढ्या हातांतला एखादा लबाडाचा निघाला असेल तर?"

"बाप्पा! बारातला एक तर पहिल्याच पंगतीत लबाड निघाला," मास्तर हसून म्हणाले. "त्याच्या जागी चिठ्ठ्या टाकून दुसरा घेतला. काम थांबलं नाही."

मास्तरांचं एक पालुपद होतं. "आपन मधले." मुख्याध्यापकांच्या निरोपाच्या भाषणात ते यायचं: हे आपल्या आधी होते, नंतर कोणी येतील, आपण मधले. लग्नात यायचं, मयतीला यायचं. एसटीच्या रांगेत कोणी घुसला की मी भांडायला उठायची आणि मास्तर म्हणायचे, "घुसू द्या बाई, आपन मधलेच." या पालुपदाचा मला वैताग यायचा. माणसानं एवढं मधलं असू नये, असं माझं मत होतं.

चर्चचं अंगण आमच्या गच्चीवरून दिसायचं. एका रविवारी मी पापड वाळत घालत होते आणि मास्तर खाली पोरांना ही हातांची परंपरा शिकवत होते. वीसेक पोरं एकामागं एक उभी केली. पहिल्यानं दुसऱ्याच्या डोक्यावर हात ठेवायचा, दुसऱ्यानं तिसऱ्याच्या, अशी रांग पार टाकीपर्यंत गेली. मास्तर पुढं जाऊन शेवटच्या पोरीला विचारणार, इतक्यात मधूनच आवाज आला, "मास्तर, बंड्या पानी प्याले गेला!"

मधे एक जागा रिकामी. मागच्याचा हात हवेत लोंबकळतोय. एक चोंबडी पोरगी म्हणाली, "मंग तुटलं ना मास्तर?"

मास्तरांनी रांगेकडं पाहिलं, टाकीकडं पाहिलं. "नाही तुटलं," ते म्हणाले. "हात खाली नका करू कोनी. तो येऊन राह्यला." आणि ती वीस पोरं आणि मास्तर, सगळी हात हवेत धरून, बंड्या पाणी पिऊन, तोंड पुसून, चड्डी वर ओढून परत येईपर्यंत उन्हात उभी राहिली. मी गच्चीवर इतकी हसले की दोन पापड पायाखाली गेले.

प्रभुभोजनासाठी महिन्यातून एकदा यवतमाळहून पाळक यायचे. दीनाबाई आदल्या दिवशी काळ्या मनुका भिजवून, उकळून, फडक्यातून गाळून रस करायची आणि तव्यावर पातळ पोळी भाजायची. एका पावसाळ्यात पाळक आजारी पडले, दुसरे आलेच नाहीत. चार महिने गेले. दर महिन्याला दीनाबाई रस करायची आणि संध्याकाळी तो गल्लीतल्या पोरांना वाटायची. राजूरच्या म्हाताऱ्या रडायला लागल्या. मंडळी म्हणाली, मास्तर, तुम्हीच द्या. मास्तर नाही म्हणाले.

मला राग आला. संध्याकाळी ते वाटी घेऊन आले तेव्हा मी दारातच धरलं. "पोळी तुमच्या बायकोची, रस तुमच्या बायकोचा, प्रार्थना तुम्हाला झोपेतही पाठ. मग अडलं कुठं?"

"माह्या डोक्यावर हात नाही, बाई."

"हाताचं काय एवढं?"

मास्तरांनी वाटी माझ्यापुढं धरली. "दूध माह्या घरचं आहे. भांडं माह्यं, चूल माही. तरी रोज तुमच्या दारात कायले येतो मी? दुधाचं दही दुधानं होत नाही ना. आधीच्या दह्याचा चमचा लागते. तुमच्या सासूबाईले त्यायच्या सासूनं देल्ला असन, तिले आनखी कोनी. माह्या घरी ते नाही, म्हनून मागतो. त्यात लाज कायची?"

मी गप्प बसणाऱ्यांतली नव्हे. "विरजणाशिवायही दही लागतं, मास्तर. हिरव्या मिरचीची देठं टाका कोमट दुधात. माझी आई टाकायची."

मास्तर चांगलेच गडबडले. वाटी हातात तशीच. "लागते?"

"घट्ट लागतं."

"चव तीच येते?"

"छे! माझ्या घरचं दही मी डोळे मिटून ओळखीन," मी म्हटलं. गर्वाचं घर खाली असतं, पण तेव्हा मी वरच्या मजल्यावर होते.

"मंग झालं तर," मास्तर सुटल्यासारखे म्हणाले आणि वाटी भरून घेऊन गेले.

मास्तरांची दीक्षा व्हायची राहिली होती ती शिक्षणापायी. धर्मशास्त्राच्या शाळेत तीन वर्षं राहायला हवं होतं आणि ते नोकरी, संसार सोडून जाऊ शकले नाहीत. शेवटी निवृत्तीनंतर त्या वेळच्या बिशपांनी परवानगी दिली. साठीच्या माणसाची दीक्षा! आम्ही शाळेतले चौघं-पाचजण यवतमाळला गेलो. मास्तर पांढऱ्या झग्यात गुडघे टेकून बसले, समोर उंच टोपीचे बिशप. त्यांनी दोन्ही हात मास्तरांच्या तुळतुळीत टकलावर ठेवले आणि बराच वेळ ठेवले. मास्तर रडत होते. मी तिकडं न बघता दीनाबाईकडं बघितलं, तर ती हसत होती.

दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडं तक्रार घेऊन आली. "बाई, डोक्याले तेल लावू देत नाही हो हा मानूस. हात पुसला जाईन म्हंते!"

पुढच्या रविवारी पांढरकवड्याच्या चर्चमध्ये मास्तरांनी पहिल्यांदा भाकर मोडली. मी मागच्या बाकावर पाहुणी म्हणून बसले होते. दीनाबाई सगळ्यांच्या शेवटी पुढं गेली. बाहेर आल्यावर माझा हात धरून म्हणाली, "चाळीस वर्सं म्या वाढलं बाई. आज त्यायनं मले वाढलं."

त्यानंतर अडीच वर्षं ती जगली. पोटाचा आजार होता, नागपूरच्या खेपा झाल्या, मग डॉक्टरांनी घरी न्या म्हटलं. शेवटच्या आठवड्यात एका सकाळी मी पेज घेऊन गेले, तर मास्तर तिच्या खाटेशी झगा घालून उभे होते. घरात दोघंच, तरी पूर्ण झगा. मी उंबऱ्याशी थांबले. त्यांनी पोळीचा नखाएवढा तुकडा रसात बुडवून तिच्या जिभेवर ठेवला. तिला गिळायला वेळ लागला. ती गिळेपर्यंत मास्तर हात तिच्या डोक्यावर ठेवून उभे होते. माझ्या हातातली पेज निवली. मला त्यातलं शास्त्र कळत नव्हतं. एवढं कळलं की तिला जे हवं होतं ते मिळालं.

एका वर्षानं ते पत्र आलं.

आधी कोणाच्या तरी मोबाईलवर आलं. मास्तरांचा फोन साधा, बटणांचा, म्हणून कोणीतरी छापून आणून दिलं. मास्तर ते घेऊन भर दुपारी माझ्याकडं आले. दुपारी ते कधी येत नसत. सरकारी मराठी मला चांगली कळते अशी त्यांची समजूत होती, कारण शाळेचे सगळे अर्ज मीच लिहायची. पत्र बिशपांच्या कार्यालयाचं होतं. मास्तरांना दीक्षा देणारे ते जुने बिशप पदावरून गेले होते आणि त्यांच्याविषयीचा एक वाद बरीच वर्षं चालला होता. त्याचा निकाल लागला होता. ते बिशप झाले तेव्हा नियमाप्रमाणे तीन बिशपांचे हात त्यांच्या डोक्यावर पडायला हवे होते, प्रत्यक्षात एकच हजर होते. म्हणून ते बिशप झालेच नाहीत असं ठरलं. त्यांच्या हस्ते झालेले दीक्षाविधी 'ग्राह्य धरता येणार नाहीत'. अशा सर्वांनी पुन्हा दीक्षा घ्यावी, तोवर प्रभुभोजन देऊ नये.

मी वाचून दाखवलं. मास्तरांनी पुन्हा वाचायला लावलं.

"ग्राह्य नाही म्हंजे आतापासून नाही, का पहिल्यापासून नाही?"

"पहिल्यापासून," मी म्हटलं. खोटं सांगायला हवं होतं, पण मी गणिताची बाई.

मास्तर आपला उजवा हात उलटा-सुलटा करून बघत राहिले. मग म्हणाले, "मंग दीनाले म्या काय देल्लं, बाई?"

मी चहा टाकायला आत गेले आणि बाहेर आले तर मास्तर निघून गेले होते.

त्या दिवसापासून मास्तर चर्चमध्ये परत उपदेशक झाले. प्रवचन करायचे, गीत सांगायचे. उपासनेच्या शेवटी पाळक हात उंचावून मंडळीला आशीर्वाद देतात, तो द्यायचे नाहीत. त्या वेळी उजवा हात डाव्या हातानं पाठीमागं धरून उभे राहायचे, जणू पोरानं काही लपवलंय. रस्त्यानं चालतानाही तसेच चालायला लागले. आणि विरजणाला येणं बंद झालं. दिवेलागणीआधी मी उगाच फाटकाशी जाऊन यायची. दोन आठवडे वाट पाहिली आणि मग मला राग येऊ लागला. बिशपांचा, त्या तीन हातांच्या नियमाचा, आणि सगळ्यात जास्त मास्तरांचा. एवढं काय ते मनाला लावून घ्यायचं!

तिसऱ्या आठवड्यात मास्तर आले. दोन्ही हातांत दोन वाट्या. एक ती पितळेची, एक स्टीलची. दोन्हींत दही.

"बाई, एक तुमच्या इरजनाचं आहे. शेवटचं देल्लं होतं ना तुमी, ते जपलं. या वेळेस जपलं. दुसरं देठाचं. सांगा कोनतं कोनतं."

मी हसले, डोळे मिटले, दोन्ही चाखली. आणि ठामपणे स्टीलच्या वाटीवर बोट ठेवलं. "हे माझं."

"ते देठाचं," मास्तर म्हणाले.

मी पुन्हा चाखलं. तिसऱ्यांदा चाखलं. उभा जन्म स्वयंपाकघरात काढलेल्या बाईची एवढी फजिती कोणी केली नसेल. मास्तर त्या पत्रानंतर पहिल्यांदा हसले, चांगले खदखदून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग पायरीवर बसले.

"देठात कोठून आलं हे, बाई? त्याच्यावर तर कोनी हात नाही ठेवला."

"मला काय माहीत. हवेत असेल."

"हवेत," मास्तर म्हणाले. जरा वेळानं पुन्हा म्हणाले, "हवेत." मग उठता उठता, "अन् उद्या शेजारची बाई आली, तर या देठाच्या दह्यातूनही इरजन देता येते ना?"

"येतं की. एकदा लागलं की ते विरजणच."

त्यांनी मान हलवली. "म्या इरजन मागनं नाही सोडनार," जाताना म्हणाले, "मागूनच घ्यावं मानसानं. पन दीनाचं लागलं होतं, बाई. तुमी पाह्यलं होतं ना?"

"पाहिलं होतं," मी म्हटलं. आणि हे मी कोणत्याही कोर्टात सांगीन.

पुन्हा दीक्षेचा दिवस ठरला. "कागद वाचाले चला," म्हणून मास्तर मला घेऊन गेले. यवतमाळला कार्यालयात अशीच दीक्षा झालेले आणखी काहीजण जमले होते. नवे बिशप वयानं मास्तरांपेक्षा बरेच लहान, बोलायला मऊ, स्वतः उठून मास्तरांना खुर्ची दिली. मग प्रत्येकापुढं एक छापील कागद आला. मी वाचला. त्यात एक वाक्य होतं: माझा पूर्वीचा दीक्षाविधी झालाच नव्हता आणि त्या काळात मी दिलेलं प्रभुभोजन हे प्रभुभोजन नव्हतं, हे मी मान्य करतो. खाली सही. बाकीच्यांनी सह्या केल्या. त्यांना मी नावं ठेवत नाही, त्यांच्यामागं पोरंबाळं होती.

मास्तरांनी कागद घडी घालून टेबलावर ठेवला. "साहेब, गुडघे टेकतो. आता म्हनाल तर आता. राजूरच्या म्हाताऱ्यायले शंका नको म्हनून दहा वेळा टेकीन. सही नाही करत."

"मास्तर, हा नुसता कागद आहे," बिशप म्हणाले.

"मंग राहू द्या ना, साहेब. नुसता कागद असन तर राहू द्या."

बिशपांनी कागद उचलला, वाचला, खाली ठेवला. ते वाईट नव्हते. "हे माझ्या एकट्याच्या हातात नाही," अखेर म्हणाले. "सही नसेल तर मला हात ठेवता येणार नाही."

"समजते साहेब. मी नियमाच्याच बाजूचा आहे, म्याच तो लोकायले तीस वर्सं शिकोला. पन हात तुमचा, डोकं माह्यं. तो घास दीनाचा आहे. तो मले परत घेता येत नाही."

मग बिशपांनी विचारलं, "राजूरला कोण जाणार?"

"तुमी पाठवा कोनाले तरी. रस मी करून देईन."

परतीच्या एसटीत मी भांडायला बसले. बिशपांशी भांडता आलं नव्हतं, ते सगळं मास्तरांवर काढलं. एवढी वर्षं ज्या हातासाठी तरसलात तो समोर आला आणि तुम्ही उठून आलात! मास्तर खिडकीशी बसून शेंगा सोलत होते. अर्ध्या मला देत होते. माझं बोलणं संपल्यावर म्हणाले, "तो बंड्या आठवते का तुमाले? पानी प्याले गेलता तो?"

"आठवतो."

"परत आलता ना तो. आपन हात वर धरून थांबलो होतो फक्त." आणि शेंगांची टरफलं नीट कागदात गुंडाळून खिशात ठेवली.

त्यानंतर चार वर्षं यवतमाळहून एक तरुण पाळक येत राहिला. आदल्या दिवशी मास्तर स्वतः मनुका उकळायचे, फडक्यातून गाळायचे, पोळी भाजायचे. पहिल्या पोळ्या महाराष्ट्राच्या नकाशासारख्या व्हायच्या, मग जमल्या. सकाळी ते सगळं झाकून नेऊन वेदीवर ठेवायचे आणि मागच्या बाकावर जाऊन बसायचे. पाळकानं बोलावलं की रांगेत सगळ्यांच्या मधे उभे राहून घ्यायचे. कधी पुढं नाही, कधी शेवटी नाही. बिशपांना दरवर्षी एक पत्र लिहायचे, मीच सुवाच्य करून द्यायची. 'सहीखेरीज सर्व मान्य आहे, कृपया विचार व्हावा.' उत्तर यायचं की विचार चालू आहे. आणि रोज दिवेलागणीच्या आधी वाटी यायची.

मग गुडघे गेले, नजर अधू झाली आणि नागपूरला दिलेली त्यांची मुलगी त्यांना न्यायला आली. मी तेव्हा पुण्याला मुलाकडं दोन महिने राहून नुकतीच परतले होते. घर बंद होतं, फ्रीज बंद, विरजण कधीच संपलं होतं. सासूबाईंच्या सासूपासून आलेलं ते विरजण माझ्या हातून तुटलं, याची रुखरुख घेऊन मी दूध तापवून कोमट करायला ठेवलं होतं आणि मिरच्या शोधत होते. तेवढ्यात फाटक वाजलं.

मास्तर पितळेची वाटी घेऊन उभे.

"आज माझ्याकडंच नाही हो मास्तर," मी ओशाळून म्हटलं.

"मागाले नाही आलो, बाई. द्याले आलो."

वाटीत घट्ट दही होतं. मी ती दोन्ही हातांनी घेतली. एकदम भरून आलं, ते लपवायला विचारलं, "हे कुठलं? माझ्या विरजणाचं की देठाचं?"

"आता काय मालूम बाई. चार वर्सं एकाच घरात होते दोघं," मास्तर म्हणाले. "उद्या सकाळीच निघतो. वाटी राहू द्या तुमच्यापाशी."

"रिकामी परत करायची नसते," मी म्हटलं.

"म्हनूनच तर. परत नका करू."

ते फाटकापर्यंत गेले. हात सवयीप्रमाणे पाठीमागं, उजवा डाव्यात धरलेला. फाटक लावून घेताना थांबले, वळले आणि त्यांनी तो उजवा हात सोडवला. हळूच वर नेला, पार डोक्याच्या वर, पंजा उघडा. त्या पत्रानंतर तो हात वर गेलेला मी पाहिला नव्हता. कदाचित नुसता निरोपाचा असेल. कोणाला विचारणार? ते त्याच हिवाळ्यात नागपूरला वारले.

मी मात्र त्या क्षणी काही विचार केला नाही. वाटी ओट्यावर ठेवली आणि डोक्यावर पदर घेऊन खाली वाकले. मान वर केली तेव्हा ते वळणापाशी पोचले होते. आत आले, दूध अजून कोमट होतं. विरजण लावलं आणि मग दिवा लावला.